प्रिंटर रोज सकाळी ‘ऑफलाइन’, केशरी लोगो विटकरी, अक्षरं हाताला लागतात: मशीन बदलून मागायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चिपळूणला सात जणांचं करसल्ल्याचं ऑफिस. जूनच्या मध्यावर नवा कलर लेझर ऑल-इन-वन घेतला. रोज सकाळी दोन-तीन कॉम्प्युटरवर तो ‘ऑफलाइन’ दिसतो. जाड लेटरहेडच्या कागदावर लोगोचा केशरी रंग विटकरी उमटतो. गेल्या पंधरवड्यापासून कागद अडकतोय आणि लेटरहेडवरची अक्षरं बोट फिरवलं की पुसली जातात. कंपनीचा माणूस आला, चार पानं काढली आणि मशीन ओके म्हणून सही घेऊन गेला. आता बदलून मागायचं का?

माझं मत: इतक्यात नको. तुम्ही एकच तक्रार केली आहे, पण तिच्यात तीन-चार निरनिराळी दुखणी आहेत आणि त्यातली बहुतेक मशीनच्या बाहेरची दिसतात. मी रत्नागिरी जिल्ह्यात १९ वर्षं हीच मशीनं दुरुस्त करतोय. जुलैमध्ये माझा फोन ज्या तक्रारींनी वाजतो, त्या तुमच्या या यादीसारख्याच असतात. मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही, वायफायवर आहे की केबलवर तेही नाही, त्यामुळे मेनूतली नावं तुमच्याकडे थोडी वेगळी असतील. जागेची वायरिंग कशी आहे, यावरही काही गोष्टी ठरतील. ते जिथे येईल तिथे सांगतो.

कुठेही गेलो तरी मी लॅपटॉप उघडायच्या आधी मशीनच्याच पॅनेलवरून एक पान काढतो. मेनूत ‘रिपोर्ट’ किंवा ‘कॉन्फिगरेशन पेज’ असं काहीतरी असतं. या पानाला कॉम्प्युटर लागत नाही, ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलता यावं म्हणून घातलेलं सॉफ्टवेअर) लागत नाही, नेटवर्क लागत नाही. तेच पान डागाळलं असेल किंवा पुसलं जात असेल, तर तक्रार मशीनची, कागदाची किंवा विजेची. ते स्वच्छ आलं आणि वर्डमधून दिलेलं खराब आलं, तर मशीनला हात लावू नका. एवढा साधा निवाडा न करता लोक काय काय करत बसतात ते मी पाहिलंय. एका ऑफिसात त्यांच्या ओळखीच्या मुलाने तीन दिवस ड्रायव्हर काढून घालून पाहिला होता, आणि पांढरा पट्टा पॅनेलच्या पानावरही जसाच्या तसा होता. आतल्या लेझरच्या काचेवर धूळ बसली होती.

हे पान जपून ठेवा. त्यावर प्रिंटरचा आयपी पत्ता (म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा घरनंबर), आजवर छापलेल्या पानांचा आकडा आणि चारही टोनरची पातळी असते. पुढे सगळ्यालाच ते लागणार आहे.

आता ‘ऑफलाइन’कडे येऊ. तुमच्या प्रश्नात ‘रोज सकाळी’ हे दोन शब्द होते, आणि माझ्या मते उत्तर त्यातच आहे. आपल्याकडे बहुतेक ऑफिसांत संध्याकाळी निघताना मेन स्विच पाडतात. विजांचा भाग असल्यामुळे ते चूकही नाही. पण त्याबरोबर राउटरही बंद होतो. सकाळी राउटर उठतो आणि जो आधी मागेल त्याला हाताशी असलेला पत्ता देऊन टाकतो. काल प्रिंटरला शेवटचा आकडा ५ मिळाला होता, आज तो कुणाच्या तरी मोबाइलला गेला आणि प्रिंटरला मिळाला ९. तुमचे कॉम्प्युटर अजून पाचाच्या दारावर थाप मारतायत. प्रिंटर दोन हातांवर हिरवा दिवा लावून बसलाय आणि पडद्यावर ‘ऑफलाइन’.

उपाय म्हणजे प्रिंटरला कायमचा पत्ता देणे. हे दोन ठिकाणी करता येतं: प्रिंटरच्या मेनूत पत्ता हाताने टाकून, किंवा राउटरमध्ये या प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवून. मला दुसरा मार्ग आवडतो, कारण तिथे दोन यंत्रांना एकच पत्ता जाण्याची भीती राहत नाही. पण राउटरचा पासवर्ड केबलवाल्याकडे असेल आणि तो फोन उचलत नसेल, तर पहिला मार्ग धरा. पत्ता मात्र राउटरच्या वाटपाच्या रांगेबाहेरचा निवडा. वाटप १०० ते १९९ मधून होत असेल तर प्रिंटरला २५० द्या. पॅनेलच्या पानावर पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी. त्याचा अर्थ प्रिंटरला राउटर सापडलेलाच नाही आणि त्याने स्वतःच काहीतरी पत्ता घेतलाय. मग केबल पाहा, नाहीतर वायफायचा पासवर्ड पाहा. एक लक्षात ठेवा, ऑफिसातले बरेच प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय पकडतात. राउटर नुसता ५ वर ठेवला असेल तर प्रिंटरला ते नाव दिसणारही नाही. केबल ओढणं शक्य असेल तर ओढाच. हलत्या वस्तूला वायफाय हवं, प्रिंटर कुठे फिरायला जातोय!

पत्ता पक्का झाला की दुसरा अर्धा भाग कॉम्प्युटरवर. विंडोजने प्रिंटर आपणहून शोधून जोडला असेल, तर तो बऱ्याचदा ‘डब्ल्यूएसडी’ नावाच्या पोर्टवर जोडला जातो. माझ्या अनुभवात हे पोर्ट ‘ऑफलाइन’चं मोठं माहेरघर आहे. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’ उघडा, ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ नवीन जोडा आणि तो पक्का केलेला पत्ता तिथे लिहा. त्याच खिडकीत पोर्टच्या सेटिंगमध्ये ‘एसएनएमपी स्टेटस’ची, म्हणजे विंडोजने प्रिंटरची खुशाली विचारत राहण्याची, खूण असते, ती काढून टाका. त्या चौकशीला प्रिंटरने वेळेवर उत्तर दिलं नाही, तर चांगला चालू प्रिंटरही विंडोज ऑफलाइन ठरवतं. यादीत त्याच प्रिंटरच्या ‘कॉपी १’, ‘कॉपी २’ अशा जुन्या नोंदी असतील तर त्या उडवा. ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ हेही बंद करा, नाहीतर काल एकदा पीडीएफ केली म्हणून आज तोच डिफॉल्ट होऊन बसतो.

एखादं अर्धवट काम रांगेत अडकून बाकीच्यांना रोखत असेल, तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची कामं रांगेत लावणारी सेवा) थांबवा, विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या ‘स्पूल’ फोल्डरमधलं ‘प्रिंटर्स’ रिकामं करा आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. फोल्डर नाही उडवायचा, आतल्या फाइली फक्त.

कुणीतरी तुम्हाला सुचवेल की प्रिंटर एका कॉम्प्युटरला यूएसबीने लावा आणि तिथून सगळ्यांना शेअर करा. पूर्वी मीही हेच करत असे. २०२१ मध्ये स्पूलरमधली मोठी सुरक्षा-त्रुटी उघड झाली, मायक्रोसॉफ्टने एकामागून एक दुरुस्त्या सोडल्या, आणि त्या सप्टेंबरच्या अपडेटनंतर शेअर केलेले प्रिंटर ११बी ने संपणारा त्रुटी-क्रमांक दाखवू लागले. तो महिना मी मोटरसायकलवरच काढला. शिवाय ज्याच्या कॉम्प्युटरला प्रिंटर लावला तो रजेवर गेला की सगळं ऑफिस रजेवर. तुमच्या मशीनला नेटवर्क आहे, ते वापरा.

आता कागद. इथे थोडा वेळ घेतो, कारण अडकणं आणि पुसलं जाणं ही तुमची दोन्ही दुखणी मला इथलीच वाटतात.

लेझर प्रिंटर शाईवर चालत नाही, स्थिर विजेवर चालतो. १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये चेस्टर कार्लसनने न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात पहिली झेरॉक्स प्रत काढली, तेव्हा त्याने गंधक लावलेला जस्ताचा पत्रा कापडाने घासून विद्युतभारित केला होता आणि त्यावर पूड भुरभुरली होती. तुमच्या मशीनमध्ये आजही तेच चालतं. ड्रमवर, म्हणजे आतल्या फिरत्या नळकांड्यावर, विजेचं चित्र तयार होतं, त्याला टोनरची बारीक प्लॅस्टिकची पूड चिकटते, कागदामागच्या भारामुळे ती कागदावर ओढली जाते आणि शेवटी फ्यूजर दीडशे-दोनशे अंशांच्या उष्णतेने ती वितळवून कागदात दाबतो. कागद कोरडा असेल तरच हा भार टिकतो.

आणि आपल्याकडे जुलैत कागद सादळतो. उघडा ठेवलेला पापड जसा रात्रीत मऊ पडतो, तसाच ट्रेमधला रिमचा गठ्ठा. सादळलेल्या कागदातून भार निसटतो, म्हणून भरीव रंग ठिकठिकाणी फिकट आणि डागाळ येतो. फ्यूजरची बरीच उष्णता पाणी उडवण्यात जाते, म्हणून टोनर नीट बसत नाही. पान बाहेर येताना वळतं, दोन्ही बाजूंनी छापत असाल तर ते वळलेलं पान परत आत जाताना अडकतं. कागद एकमेकांना चिकटतात म्हणून दोन-दोन एकदम ओढले जातात. मशीनमधून बाहेर येणारी वाफ कधी कधी धुरासारखी दिसते आणि लोक घाबरून फोन करतात.

करायचं एवढंच. ट्रेमध्ये ५०० कागदांची अख्खी रिम भरू नका, दिवसाला लागतील तेवढेच शंभर-दीडशे टाका. रिमचं वेष्टन बाहेरची ओल आत येऊ न देणारं असतं, ते फाडून फेकू नका. उरलेली रिम त्यातच गुंडाळून घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. सिलिकाच्या पुड्या टाकल्यात तर उत्तम. गठ्ठे फरशीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवायचे नाहीत, आपल्याकडच्या भिंती जुलैत घाम गाळतात. शनिवारी निघताना ट्रे रिकामा करून कागद डब्यात. ही सवय लागली की निम्मे फोन बंद होतात. माझा धंदा कमी होतो, पण असो.

खात्री करायची तर एक प्रयोग आहे. ट्रेमधला कागद काढा, नवी कोरी रिम फोडा, लगेच त्यातली वीस पानं घाला आणि पॅनेलवरून तेच कॉन्फिगरेशन पेज चार-पाच वेळा काढा. डाग गेले, अडकणं थांबलं, तर दोषी सापडला.

पण तुमची अक्षरं लेटरहेडवरच पुसली जातात, साध्या कागदावर नाही, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. मग ओलीबरोबर आणखी एक कारण आहे: मशीनला कागद जाड आहे हे कुणी सांगितलेलंच नाही. साधा कागद ७० ते ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम). तुमचं लेटरहेड, लिहिलंय त्यावरून, १०० चं आणि खडबडीत पोताचं. ‘प्लेन’ सेटिंगवर मशीन कागद भरभर पुढे सरकवतं. जाड कागद तेवढ्या वेळात पुरेसा तापत नाही आणि टोनर वरच्या वर बसून राहतो. सेटिंग ‘थिक’, ‘बाँड’ किंवा ‘हेवी’ केलं की मशीन हळू चालेल आणि छपाई पक्की बसेल. हे दोन ठिकाणी सांगावं लागतं, ट्रेच्या मेनूत पॅनेलवर आणि ड्रायव्हरमध्ये. एकात ‘थिक’ आणि दुसऱ्यात ‘प्लेन’ असेल तर काही मशीनं अडून बसतात आणि भलत्याच ट्रेत कागद मागतात. लेटरहेड खालच्या ट्रेत न भरता समोरच्या फळीवरून, म्हणजे मॅन्युअल फीडमधून द्या. तिथला मार्ग सरळ असतो, जाड कागद कमी वळतो. फार उंच-सखल पोताचा कागद असेल तर खळग्यांत टोनर पोचणारच नाही. तिथे सेटिंगचं काही चालत नाही, कागद बदलावा लागतो.

अडकलेला कागद काढताना मशीनमधून तो ज्या दिशेने जातो त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढा. फाटला तर तुकडा जुळवून पाहा, नखाएवढा आत राहिला तरी पुढचा प्रत्येक कागद तिथेच अडतो. फ्यूजरजवळ चटका बसतो, दहा-पंधरा मिनिटं थांबा. ड्रम उघडा पडला तर त्यावर प्रकाश येऊ देऊ नका, वर्तमानपत्र झाका. टोनर सांडला तर कोरड्या फडक्याने पुसा, कपड्यांवर पडला तर झटका आणि गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने ते प्लॅस्टिक कापडातच बसतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. ही पूड त्याच्या साध्या गाळणीतून आरपार जाऊन खोलीभर होते.

रंगाबद्दल थोडं वाईट सांगायचंय. पडद्यावरचा केशरी कागदावर हुबेहूब कधीच येणार नाही. पडदा लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळतो. मशीन निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी पूड मिसळतं. झळाळणारा केशरी आणि गडद शुद्ध निळा हे प्रकाशाला जमतात, पुडीला नाही. केशरी मातकट होतो, निळा जांभळ्याकडे झुकतो. तरी ‘विटकरी’ म्हणजे जरा जास्तच झालं, म्हणून आधी मशीन तपासा. कॉन्फिगरेशन पेजवरच्या चार रंगपट्ट्या पाहा. पिवळा अशक्त असेल तर केशरी विटकरीच होणार. पिवळ्यातला दोष नुसत्या डोळ्याला दिसत नाही. निळ्या जिलेटिन कागदातून पाहिलं की पिवळा काळपट दिसतो आणि रेघा, खड्डे लगेच कळतात. मी खिशात एक तुकडा ठेवतोच. मशीन नवं आहे, तेव्हा टोनरवरची आणि ड्रमवरची रंगीत पॅकिंग पट्टी ओढून काढलीय ना, हेही उघडून पाहा. हसू नका, अर्धी पट्टी आत राहिलेली मशीनं मी पाहिली आहेत.

पट्ट्या ठीक असतील तर मेनूतून ‘कॅलिब्रेशन’ चालवा. हवा बदलली, टोनर बदलला की चार रंगांचा तोल ढळतो. अक्षरांच्या कडेला रंगीत सावली दिसत असेल तीही यानेच जाते. टोनर वाचवायची सेटिंग बंद करा. ट्रेला ‘थिक’ केल्यावरही रंग बदलतो, म्हणून रंगाचा शेवटचा निर्णय कागदाची सेटिंग बसल्यावर घ्या, आधी नाही.

मग माझी जुनी युक्ती. वर्डमध्ये वीस चौकोनांचा तक्ता करा, प्रत्येकात केशरीची थोडी वेगळी छटा आणि खाली तिचे तीन आकडे लिहा. एकात लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१. पुढच्यात हिरवा दहाने वाढवा, त्याच्या पुढच्यात निळा शून्यावर आणा, असं करत जा. तो तक्ता तुमच्या मशीनवर, तुमच्याच लेटरहेडच्या कागदावर छापा, खिडकीपाशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहा आणि जो चौकोन तुमच्या व्हिजिटिंग कार्डाशी जुळतो, त्याचे आकडे लोगोला द्या. पडद्यावर तो लोगो थोडा पिवळट दिसेल. दिसू द्या.

सरकारी किंवा मराठी पीडीएफ छापताना जोडाक्षरं तुटतात, चौकोन येतात, हे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलं होतं. पडद्यावर पान बरोबर दिसत असेल तर अ‍ॅक्रोबॅटच्या प्रिंट खिडकीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’वर खूण करा. मग फॉन्टचा अर्थ लावायचं काम मशीनकडे जात नाही, अख्खं पान चित्र म्हणून जातं. वेळ थोडा जास्त लागतो. पडद्यावरच तुटलेलं असेल तर फाइल करणाऱ्याने फॉन्ट आत घातलेला नाही. तिथे प्रिंटर बिचारा काय करणार.

विजेचं पटकन. फ्यूजर तापताना मशीन हजार वॅटच्या आसपास, कधी जास्तही, ओढतं. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर ते लावू नका, पाच जणांच्या एक्स्टेंशनवरही नाही. भिंतीतलं स्वतंत्र सॉकेट द्या. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजून घ्या, तो ३ व्होल्टच्या आत हवा. जुन्या इमारतींत हा आकडा पाहून कंपनीचे इंजिनिअर वॉरंटी नाकारतात, आणि तेव्हा त्यांच्याशी भांडता येत नाही. संध्याकाळी मेन पाडायचा असेल तर जरूर पाडा, पण आधी मशीन त्याच्या बटणाने बंद करून पंखा थांबू द्या. आणि ऑफिस तळमजल्यावर असेल तर मशीन टेबलावरच नव्हे, शक्य तेवढं उंच ठेवा. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकरांना याचं कारण सांगायला नको. त्या चिखलातून आलेल्या मशीनांपैकी ज्यांना घाईने वीज लावून पाहिली होती, त्यांचं काहीच करता आलं नाही.

टोनर इतक्यातच ‘लो’ दाखवतोय म्हणून घाबरू नका. नव्या मशीनबरोबर बऱ्याचदा कमी भरलेला टोनर येतो. खोक्यावरचा पानांचा आकडाही प्रत्येक रंगाने पानाचा सुमारे ५ टक्के भाग व्यापला असं धरून काढलेला असतो. तुमचा लोगो आणि रंगीत पट्टे त्याहून जास्त खातात. रोजची चलनं, रिटर्न, पोचपावत्या ड्रायव्हरमध्ये ‘ग्रेस्केल’ ठेवून काढा.

आता बदलून मागायचा प्रश्न. आधी कागद, मग ट्रेची सेटिंग, मग कॅलिब्रेशन, या क्रमाने आठवडाभर चालवून पाहा. ऑफलाइनचं काम यांच्याशी संबंधित नाही, ते आजच उरकून टाका. एवढं करूनही ताज्या फोडलेल्या रिमवर, पॅनेलवरून काढलेल्या पानात तोच डाग पुन्हा पुन्हा येत असेल, तर पट्टी घेऊन दोन डागांमधलं अंतर मोजा. मशीनमधला प्रत्येक रोलर ठरावीक घेराचा असतो आणि ज्या रोलरवर खोट आहे त्याच्या घेराएवढ्या अंतराने डाग परत उमटतो. लहान मशीनांत २४ मिलिमीटर व्यासाचा ड्रम असेल तर सुमारे ७५ मिलिमीटरवर, ३० चा असेल तर सुमारे ९४ वर. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये याचा तक्ताच असतो. डाग एकाच रंगात आहे की चारही रंगांत, तेही लिहा; एकाच रंगात असेल तर त्या रंगाचा ड्रम, सगळ्यांत असेल तर चारही रंग कागदावर नेणारा आतला पट्टा किंवा फ्यूजर.

अशी तीन पानं तीन वेगळ्या दिवशी काढा, मागे तारीख आणि पानांचा आकडा घाला आणि वॉरंटीच्या तक्रारीला जोडा. ‘प्रिंट नीट येत नाही’ एवढंच लिहिलंत तर इंजिनिअर पुन्हा येईल, चार पानं काढेल आणि ओके म्हणून सही घेऊन जाईल. ‘पॅनेलवरून काढलेलं पान, कोरडा कागद, दर ७५ मिलिमीटरवर निळा डाग’ असं लिहिलंत तर त्याला निघतानाच ड्रम सोबत घ्यावा लागेल.